मिठाच्या मैदानावरचे ट्रकआजोबा

ऑगस्ट जवळ आला की सॉल्ट लेक सिटीत राहणाऱ्या आमच्यासारख्या काही मराठी घरांत दोन तयाऱ्या एकदमच सुरू होतात. एक गणपतीची, आणि दुसरी बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर भरणाऱ्या, गाड्यांचा वेग मोजण्याच्या ‘स्पीड वीक’ या मेळ्याची. पहिलीचे कारण सांगावे लागत नाही. दुसरीचा नाद आम्हाला ज्यांनी लावला, ते बंद पडलेल्या आणि अपघातात सापडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा, म्हणजे टोइंगचा, व्यवसाय करणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या यार्डातली माणसे त्यांना ‘बॉस’ म्हणत. आमच्या मुलांनी त्यांना ‘ट्रकआजोबा’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे थोरांच्या तोंडीही तेच नाव बसले.

स्पीड वीक भरवणारी संस्था म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन. जुन्या फोर्ड गाड्या विकत घेऊन, त्यांचे मडगार्ड आणि बाकीचे अनावश्यक पत्रे काढून टाकून, इंजिनाची ताकद घरच्या घरी वाढवणाऱ्या तरुणांच्या क्लबांनी १९३७ साली ती स्थापन केली. अशा गाड्यांनाच पुढे ‘हॉट रॉड’ म्हणू लागले. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या तळांवर त्यांच्या वेगाची मोजणी होत असे. पण वेग वाढत गेला तशी ती जागा अपुरी पडू लागली. तेव्हा संस्थेचे वॉली पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉल्ट लेक सिटीतल्या मंडळींशी बोलणी केली, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये पहिला स्पीड वीक बॉनव्हिलला भरला. या मेळ्यात रोख बक्षीस नाही. आपल्याकडच्या उत्सव मंडळांसारखाच सगळा कारभार स्वयंसेवकांवर चालतो, वेळापत्रकावरून रुसवेफुगवे होतात, आणि पदरमोड करून वर्षभर राबलेल्या माणसाला शेवटी मिळते ते विक्रमांच्या पुस्तकात एका ओळीत छापलेले नाव.

शहरातून आय-८० महामार्गाने पश्चिमेला साधारण ११० मैल गेले की नेवाडाच्या सीमेवरच्या वेंडोव्हर गावाच्या अलीकडे हे मैदान लागते. हिमयुगातल्या एका प्रचंड सरोवराचे पाणी आटून मागे उरलेला हा मिठाचा थर. डांबरी रस्ता एके ठिकाणी सरळ संपतो आणि गाडी मिठावर उतरते. नवख्या माणसाला ट्रकआजोबांचा पहिला सल्ला गाडीबद्दल नसून हनुवटीबद्दल असे: इथे ऊन खालूनही येते, तेव्हा मलम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावावे. हा सल्ला न मानणारा माणूस रात्री हमखास ओळखू येई. आम्ही मुक्कामाला दशम्या, लसणीची चटणी आणि बर्फाच्या पेटीत कोकम सरबत नेत असू. चटणीपासून ते चार हात दूर राहत. कोकम सरबताचा मात्र त्यांचा वाटा आधीच बाजूला काढून ठेवावा लागे.

त्यांचा व्यवसाय आणि त्यांचे वेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला प्रथम वाटे. हिवाळ्यात पार्लीज कॅन्यनच्या चढावर बर्फात रुतलेले ट्रक अपरात्री विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारे यंत्र, लावून बाहेर काढणारा माणूस उन्हाळ्यात वेगाच्या मागे का लागावा, हे कोडे मैदानावर उतरल्यावरच सुटले. वेगासाठी बांधलेल्या गाड्यांचे गिअर असे असतात, की त्यातल्या कित्येक जागेवरून स्वतःच्या बळावर नीट निघूच शकत नाहीत. मागून दुसरी गाडी त्यांना ढकलत नेते, पुरेसा वेग आला की सोडून देते, आणि मगच इंजिन ओढू लागते. मोजणीचा पल्ला पार करून ती गाडी काही मैलांवर थांबली, की तिला पुन्हा दोर लावून तंबूपर्यंत आणावे लागते. म्हणजे कोणत्याही विक्रमाच्या अलीकडे ढकलणारा आणि पलीकडे ओढणारा, अशी दोन माणसे लागतातच. ट्रकआजोबा या दोन्ही कामांत तरबेज होते. ढकलताना बंपर टेकल्याचा धक्का चालकाला जाणवू नये आणि सोडताना गाडी तसूभरही तिरकी होऊ नये, हे त्यांना जसे जमे तसे मी दुसऱ्या कोणाला जमलेले पाहिले नाही. केबिनमध्ये दरपत्रक टांगलेले असे, पण मिठावर त्यांनी कोणाकडून एक डॉलरही घेतला नाही.

त्यांच्या यार्डात होम्स कंपनीची दोन भुजांची जुनी यारी, म्हणजे क्रेन, बसवलेला एक ट्रक जपून ठेवलेला होता. तो दाखवताना ते अर्नेस्ट होम्स यांची कथा सांगत. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावी ओढ्यात पडलेली एक गाडी दोर, ठोकळे आणि सहा माणसांच्या बळावर बाहेर काढता काढता तासन्‌तास गेले, आणि त्या वैतागातून होम्स यांनी १९१६ साली १९१३ च्या कॅडिलॅकवर गाड्या ओढण्याची पहिली यारी चढवली. हॉट रॉडच्या इतिहासातली त्यांची आवडती असामी मात्र बिल बर्क. महायुद्धात पॅसिफिकमध्ये असताना बर्क यांनी विमानांच्या पोटाखाली लावायच्या इंधनाच्या टाक्या पाहिल्या. त्यांचा थेंबासारखा आकार हवा कापायला उत्तम, हे ध्यानात ठेवून १९४६ साली त्यांनी तशाच एका टाकीत इंजिन बसवले आणि तिची शर्यतीची गाडी केली. भंगारातून वेग काढणे ही ट्रकआजोबांच्या लेखी सर्वांत मोठी कला होती. विकत आणलेल्या महागड्या यंत्रांविषयी त्यांचे मत तितकेसे उदार नव्हते, आणि त्यात थोडा अन्यायही होता असे मला वाटते.

संध्याकाळी वेंडोव्हरच्या कॅसिनोंच्या पार्किंगमध्ये हॉट रॉड रांगेने उभ्या राहत आणि खुर्च्या टाकून गप्पा चालत. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांचा विषय निघाला नाही अशी संध्याकाळ क्वचितच गेली असेल. १९२० सालची इंडियन मोटारसायकल स्वतःच्या हाताने घडवत राहून या गृहस्थांनी १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, ताशी १८३.५८६ मैलांचा विक्रम केला. त्या हिशेबात चूक असल्याचे पुढे त्यांच्या मुलाच्या लक्षात आले आणि २०१४ मध्ये आकडा १८४.०८७ असा सुधारण्यात आला. मरणानंतर वेग वाढलेला हा एकच माणूस, असे ट्रकआजोबा म्हणत आणि स्वतःच मोठ्याने हसत.

त्याच २०१४ साली मैदानावर पावसाचे पाणी साचल्याने स्पीड वीक रद्द झाला. २०१५ मध्ये मिठाचा थरच धावण्याजोगा नव्हता म्हणून पुन्हा रद्द झाला. दोन्ही वर्षी ते ठरल्या दिवशी ट्रक घेऊन तिथे गेले, रस्ता संपतो तिथे खुर्ची टाकून बसले आणि चुकून आलेल्या प्रेक्षकांना परतीची वाट दाखवत राहिले. थर पातळ होत चालल्याची त्यांना मनापासून चिंता होती. जवळच खारट पाण्यातून पोटॅश हा खताचा क्षार काढणाऱ्या उद्योगाचे नाव निघाले की त्यांचा पारा चढे. मग त्यांना दुसऱ्या विषयावर आणणे हे आमच्या मुलांचे काम असे.

एका हिवाळ्यात ते गेले. अंत्ययात्रेला त्यांच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांसह कितीतरी टो-ट्रक पिवळे दिवे लावून रांगेने आले होते. ज्यांच्याशी महामार्गावरच्या कामांसाठी त्यांची वर्षानुवर्षे चढाओढ चालली होती, त्यांच्यातल्याच एकाने होम्सचा जुना ट्रक चालवला.

त्यांच्या स्वतःच्या गाडीविषयी लिहायचे राहिले. ती १९३४ सालची फोर्ड कूपे, आणि तिच्यात फोर्डचे जुने फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन. अशा इंजिनांसाठी स्पीड वीकमध्ये स्वतंत्र वर्ग असतात. एका वर्षी त्यांच्या वर्गातल्या विक्रमाहून अधिक वेग त्यांच्या गाडीने नोंदवला. नियमाप्रमाणे अशी गाडी लगेच राखीव आवारात जाते, तिथे ठरावीक वेळच तिच्यावर काम करता येते, आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा धावते. दोन्ही धावांची सरासरी जुन्या विक्रमापेक्षा जास्त भरली तरच नवा विक्रम लागतो. त्या रात्री यार्डातले कोणीही झोपले नाही. सकाळी गाडी धावली, पण सरासरी थोडक्यात कमी पडली. आदल्या रात्री मीठ ओलसर झाल्याने चाके जागच्या जागी फिरली, असे ट्रकआजोबांचे अखेरपर्यंत म्हणणे होते. त्यांच्या जुन्या मेकॅनिकच्या मते मात्र तिसऱ्या मैलापाशी बॉसनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. आता ती कूपे त्यांची नात चालवते आणि मेकॅनिक तिला मागून ढकलतो, तरी हा वाद दर ऑगस्टला नव्याने होतो. नात आजोबांच्या बाजूने, यार्ड मेकॅनिकच्या बाजूने; आणि आमचे मराठी कुटुंब, कोकम सरबताच्या जुन्या ऋणानुबंधाला जागून, मिठालाच दोष देते.