घराच्या बजेटमध्ये मोजणीची ओळ सगळ्यात वर लिहा

घोडबंदर रोडला ओवळ्यात आत आमची वडिलोपार्जित जागा आहे, पाच गुंठे, आणि त्यावर आता घर बांधायला घेतलंय. हे कळल्यापासून ओळखीचे लोक विचारतात की आर्किटेक्ट किती घेतो, स्टील काय भावाने पडलं, स्क्वेअर फुटाला रेट काय ठरला. पण जागेच्या मोजणीला किती गेले हे अजून एकानेही विचारलेलं नाही, आणि मला याचंच वाईट वाटतं कारण पुढचा सगळा खर्च त्या मोजणीवर उभा असतो.

पहिली गोष्ट म्हणजे मोजणीचे खर्च दोन आहेत आणि एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. एक सरकारी मोजणी, भूमी अभिलेख खात्याची, जिच्यातून तुम्हाला 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा खात्याचा अधिकृत नकाशा, मिळते. दुसरी खाजगी सर्व्हेअरची, टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवरचं अंतर-कोन मोजणारं यंत्र, लावून केलेली, जी आर्किटेक्टला लागते. बरेच जण खाजगी सर्व्हे करून घेतात आणि हद्द पक्की झाली असं समजतात, पण शेजाऱ्याशी वाद झाला तर त्या नकाशाला 'क' प्रतीचं वजन नसतं.

सरकारी फी 1 डिसेंबर 2024 पासून बदलली. आधी साधी, तातडीची, अति तातडीची असे बरेच प्रकार होते, आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच ठेवलेत. महापालिका-नगरपालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत नियमितला 3 हजार, द्रुतगतीला 12 हजार. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत 2 हजार आणि 8 हजार. म्हणजे मुरबाड-शहापूरकडे गावात जागा असेल तर कमी पडतात, आमचं ओवळा ठाणे महापालिकेत येतं म्हणून शहराचा दर. आणि एक हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे झाले, त्यामुळे पाच गुंठ्यांवाल्यालाही तेवढेच भरावे लागतात, हे लहान जागावाल्यांना जड जातं आणि मला ते पटत नाही, लहान प्लॉटसाठी वेगळा दर असायला हवा होता.

आम्ही द्रुतगती केली. बाबा म्हणाले कशाला चौपट भरतोस, थांबू की. पण आम्ही सध्या कासारवडवलीला भाड्याने राहतोय, महिन्याला 22 हजार जातात, शिवाय पाया पावसाच्या आधी निघायला हवा, नाहीतर खड्ड्यात पाणी भरून सगळं काम दिवाळीपर्यंत लांबतं. फीमधला फरक 9 हजारांचा, एका महिन्याच्या भाड्याच्या अर्ध्यापेक्षाही कमी. हा हिशोब प्रत्येकाने आपापला करावा, घाई नसेल तर नियमितच बरी.

अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन होतो. चालू सातबारा, चतुःसीमा म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते, आणि लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते लागतात, इथे नीट लक्ष द्या कारण नोटीस त्यांनाच जाते. आमच्याकडे एका बाजूला चुलतभाऊ, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या नावावर सातबारा आहे ते आजोबा कधीच वारलेत आणि वारसांची नोंद झालेली नाही, वारसांपैकी एक कल्याणला तर एक पनवेलला. त्यांचे पत्ते गोळा करायला आईच्या फोनशिवाय पर्याय नव्हता. अशा कामाला पैसे लागत नाहीत पण वेळ भरपूर जातो.

फीच्या बाहेरचा खर्च चलनावर दिसत नाही. मोजणीच्या दिवशी मजूर, चुना, खुंट्या, हद्दीचे दगड हे सगळं आपणच ठेवायचं असतं. आमच्या मागच्या बाजूला कमरेएवढं रान वाढलेलं, ते आधी साफ करावं लागलं, कारण रान असलं की कोपऱ्यापर्यंत जाताच येत नाही.

भूकरमापक साहेब, म्हणजे खात्याचे मोजणी करणारे, रोव्हर घेऊन आले. काठीवर बसवलेलं पांढरं यंत्र, हातात टॅब, सॅटेलाइटवरून जागा पकडतं. आधी त्यांनी आमच्या जागेला हात न लावता आजूबाजूच्या जुन्या खुणा घेतल्या, विहीर, गावठाणाचा कोपरा, आणि जुना नकाशा त्यावर बसवून पाहिला. मग एकेक कोपरा दाखवायला लागले. तीन कोपरे अंदाजाप्रमाणेच आले. चौथ्याला ते टॅबकडे बघत चालत गेले, दोन पावलं मागे आले, आणि काठी टेकवली ती दादाच्या, म्हणजे चुलतभावाच्या, बाइकच्या शेडमध्ये, पत्र्याच्या खांबापासून चार फूट आत. सगळे गप्प. मजुराने तिथे चुना टाकला. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

दादाने आधी मान्य केलं नाही, आणि तो त्याचा हक्क आहे, निकाल पटला नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते, तिची फी वेगळी. पण 'क' प्रत हातात आल्यावर आम्ही दोघं बसलो, नकाशा समोर ठेवला आणि बोललो. शेड तो स्वतः मागे घेतोय, पत्रे काढायचा खर्च आम्ही अर्धा उचलला. आमच्यासाठी ते चार फूट फार मोठे होते, कारण प्लॉटच्या बाजूने मोकळी जागा सोडावीच लागते आणि तेवढ्या जागेवरून आमचा जिना बसणार की नाही हे ठरत होतं. भिंत बांधल्यावर हे निघालं असतं तर दोन घरांतलं बोलणं कायमचं बंद झालं असतं.

आता खाजगी सर्व्हे. एकाने 12 हजार सांगितले, दुसऱ्याने 20. स्वस्तवाला फक्त हद्द आणि झाडं दाखवणार होता. दुसऱ्याच्या कामात लेव्हल्स (कुठे किती उंची ते), कंटूर म्हणजे चढ-उताराच्या रेषा, रस्त्याची उंची, नाला, विजेचे खांब, ऑटोकॅडची फाईल आणि बांधकामाच्या वेळी कॉलमचं लाइन-आउट, म्हणजे जमिनीवरची आखणी, तपासून देणं एवढं होतं. आमची जागा येऊरच्या डोंगराकडून उतरती, पाणी कुठून येतं आणि प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, रस्त्यापेक्षा किती वर घ्यायची हे लेव्हल्सशिवाय कळत नाही, म्हणून 20 वाला घेतला. सपाट प्लॉट असता तर कदाचित घेतला नसता. कोटेशन मागताना एवढंच विचारा की यात नेमकं काय काय देणार, आणि ते लिहून घ्या.

विकत जागा घेणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, साठेखत करायच्या आधी मालकाला मोजणी करायला लावा. अर्ज त्याच्याच नावाने होतो, फी हवी तर तुम्ही द्या आणि किमतीतून वजा करा. सातबाऱ्यावर 0.05.06 लिहिलंय म्हणजे 506 चौरस मीटर, पाच गुंठे, पण ते कागदावर. जमिनीवर तेवढं आहे का, रस्त्यात किती गेलंय, शेजाऱ्याच्या कंपाउंडमध्ये किती, हे मोजल्याशिवाय दिसत नाही. आणि आपल्याकडे, म्हणजे जंगलाला लागून असलेल्या गावांत, सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना नक्की वाचा, खाजगी वनाची नोंद असेल तर मोजणी कितीही बरोबर येऊ दे, बांधकामाची परवानगी अडकते.

आमचे दगड या रविवारी सिमेंटमध्ये बसवतोय. चुना पहिल्या पावसात जातो, खुंट्या गुरं उपटतात, म्हणून खुणा केल्यापासून हे काम लांबवू नका, आणि दगड बसवताना शेजाऱ्याला समोर उभं करून फोटो काढून ठेवा.