अठ्ठावन्न बिलं आणि मेणवलीचे तीन दिवस

रिट्रीट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर योगाच्या चटया आणि गवती चहा येतो. त्यामुळे नाटकांची प्रकाशयोजना करणाऱ्या आमच्या दादांनी जानेवारीत फोन करून ‘वाईला तीन दिवस येतेस का’ विचारलं, तेव्हा मी आधी खर्च विचारला. डोई ३,२०० रुपये, जेवणासकट. मुक्काम मेणवलीत, एका काकूंच्या घरी. आम्ही आठ जण, सगळे आपापल्या धंद्यातले एकांडे शिलेदार: दादा, एक साउंडवाला, पुस्तकांची संपादक असलेली माझी मैत्रीण, अॅनिमेशनवाले दोघं नवरा-बायको, एक कुंभारकाम करणारी, एक मालिका लिहिणारा आणि मी. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते, म्हणजे मुख्यतः त्यावरची अक्षरं काढते.

येताना गेल्या आर्थिक वर्षाची सगळी बिलं छापून आणायची, एवढी एकच अट होती. ध्येयंबियं लिहून आणू नका, असं दादांनी बजावलं होतं. “ध्येय लिहिताना माणूस खोटं बोलतो, बिल लिहिताना नाही.” हे काही खरं नाही, मी बिलात ‘किरकोळ बदल’ असं लिहिते तेव्हा चौदा वेळा केलेले बदल असतात. पण आणली.

पहिल्या रात्री पिठलं-भाकरी झाल्यावर सगळ्यांचे फोन काकूंच्या पिठाच्या रिकाम्या डब्यात गेले. तासाभरात साउंडवाल्याला कसल्यातरी ओटीपीसाठी डबा उघडावा लागला आणि तो नियम तिथेच संपला.

खरं काम शनिवारी सकाळी सुरू झालं. ओसरीवर सतरंजी, प्रत्येकापुढे आपापला गठ्ठा. जे काम उद्या पुन्हा आलं तर पैशांचं न बघता करीन, त्या बिलावर हिरवी खूण करायची. बाकीची पालथी घालायची. बस. माझी अठ्ठावन्न बिलं होती. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. दीड तास लागला. एका बिलाचे पैसे यायला आठ महिने लागले होते, ते पालथं घालताना हात जरा जोरातच आपटला. शेवटी हिरवी निघाली नऊ.

मालिका लिहिणाऱ्याची एकही नव्हती. तो उठून नदीवर गेला आणि दुपारच्या जेवणाला आला नाही. कुणी त्याच्यामागे गेलंही नाही, आणि ते बरोबरच होतं असं मला अजून वाटतं.

इथे माझं एक जुनं दुखणं सांगायला हवं. २०१३ पासून माझ्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ आहे: स्वतःचा देवनागरी फाँट. दर रविवारी सकाळी सहा ते दहा त्यासाठी राखलेले. इतक्या वर्षांत सदतीस अक्षरं झाली. लोकांना वाटतं क ते ज्ञ काढलं की झालं. जोडाक्षरं धरली की आकडा शेकड्यांत जातो. पहिली वेलांटी घ्या. ती ‘रि’वर जेवढी रुंद लागते तेवढी ‘क्षि’वर पुरत नाही, म्हणून तिच्याच कितीतरी रुंदी काढून ठेवाव्या लागतात. एकट्या ‘र’चे किती अवतार! ‘सूर्य’मधला रफार, ‘प्रकाश’मधली तिरकी रेघ, ‘ट्रक’मधलं खालचं छप्पर, आणि आपल्या मराठीचा खास अर्धा ‘ऱ’. दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या. आचार्यांना बोलावलं तर भाषण होतं, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. मी तीन वर्षं या अर्ध्या ‘ऱ’पाशी अडकून आहे.

दुपारी संपादक मैत्रीण आणि मी वाईत गेलो. ढोल्या गणपती, घाटावर वाळत घातलेली धुणी, मग ती म्हणाली की विश्वकोशाची इमारत तरी बघू. मराठी विश्वकोशाचं काम वाईतून चालतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक; पहिला खंड १९७६ साली आला, १९९४ साली शास्त्रीबुवा गेले, खंड पुढेही निघत राहिले. मैत्रीण भारावून गेली. “बघ, पुरं होईल की नाही याचा हिशोब न करता माणसं कामाला लागतात. तुझ्या फाँटचंही तसंच.”

मला खरं तर राग आला. विश्वकोशाला नोंदी लिहिणारे होते, तपासणारे होते, एक मंडळ होतं. माझ्या फाँटला रविवारची मी होते. पण राग तेवढ्यावरून नव्हता, हे मला परतताना वडाप जीपमध्ये कळलं. आपल्या फाँटची बाजू कुणी घेतली तर मला आनंद व्हायला हवा होता. कुणीतरी न आवडणारं स्थळ पुन्हा सुचवावं, तसं झालं होतं.

संध्याकाळी मेणवलीच्या घाटावर बसलो. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि घाटावरच्या छोट्या देवळात वसईहून आलेली पोर्तुगीजांची भलीमोठी घंटा. १७३९ साली वसई घेतली तेव्हाची लूट. अॅनिमेशनवाले दोघं घंटेचे फोटो काढत होते. मी नऊ हिरवी बिलं पिशवीतून आणली होती, ती पायरीवर मांडली आणि वर एकेक खडा ठेवला.

सहा मुखपृष्ठं, एका बेकरीची पाटी, एक लग्नपत्रिका, एका नाटकाचं नाव. नऊच्या नऊ कामांत मी एकच शब्द काढला होता, फार तर दोन. त्या बेकरीच्या ‘खारी’तल्या दुसऱ्या वेलांटीचं शेपूट मी ‘ख’च्या पोटाखालून परत आणलं होतं. ती वेलांटी दुसऱ्या कुठल्या शब्दात लावली तर शेजारच्या अक्षराला ठेच लागेल. फाँटमधल्या अक्षराला कुणाही शेजाऱ्याशी जुळवून राहावं लागतं, चाळीतल्यासारखं. माझं अक्षर एकाच घरात नांदतं. अकरा-बारा वर्षं मी ज्या गोष्टीला आळस म्हणत होते, ती आवड नसणं होती. र. कृ. जोशींनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फाँट घडवला, कितीतरी वर्षं लोकांनी कॉम्प्युटरवर मराठी त्यातच वाचलं. त्याबद्दलचा आदर आणि तसं काम करायची हौस या दोन गोष्टींत मी गल्लत केली होती.

रविवारी सकाळी प्रत्येकाने एक ओळ वाचून दाखवायची होती. बहुतेकांनी नवं काहीतरी जाहीर केलं. दादा साठीनंतर शिकवणार आहेत. कुंभारकामवालीला दुसरी भट्टी हवी आहे. मी म्हटलं, “मी फाँट खोडतेय.” मैत्रीण म्हणाली, “अगं, असं कसं, इतकी वर्षं...” मला रडू येईल असं वाटलं होतं. भूक लागली. मालिकावाल्याने मात्र माझ्याकडे बघून मान हलवली. त्याने स्वतः काहीच वाचलं नाही, कागद घडी करून खिशात ठेवला.

साउंडवाला म्हणाला, “मग आता रविवारी करणार काय?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या रविवारी सवयीने सहाला जाग आली. टेबलाशी बसले, ब्रश धुतले, ते आधीच धुतलेले होते. सदतीस अक्षरांचं फोल्डर पुसलं नाही, नुसतं टेबलावरून आत सरकवलं. साडेनऊला त्या बेकरीवाल्याच्या मेव्हण्याचा फोन आला. तेलाचं दुकान काढतोय, पाटीवर दोनच शब्द हवेत, ‘लाकडी घाणा’. चार हजारांत ठरलं. ‘घा’ त्याच दिवशी जमला. ‘णा’वर आज तिसरा रविवार चालू आहे, त्याचं पोट अजून बसत नाहीये.