सीमेवरचा सिग्नल : लक्झेंबर्गहून ट्रियरकडे आणि थिओनव्हिलकडे

लक्झेंबर्ग हा देश आकाराने गोव्याहूनही लहान असल्यामुळे त्याच्या राजधानीच्या स्थानकातून निघालेल्या गाडीला बहुतेक दिशांना थोड्याच वेळात जर्मनी, फ्रान्स किंवा बेल्जियमची हद्द लागते. 29 फेब्रुवारी 2020 पासून या देशात दुसऱ्या वर्गाचा प्रवास विनामूल्य आहे. तिकीट लागते ते सीमेपलीकडच्या टप्प्याचे. पर्यटक येथे दरीवरचे पूल आणि जुनी तटबंदी पाहायला येतात. माझ्या नोकरीचा मोठा भाग मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेला असल्यामुळे मी मात्र फलाटाच्या टोकाशी उभा राहून रुळांकडे पाहत होतो.

दोन रुळांच्या मधोमध, स्लीपरवर बसवलेल्या पिवळ्या चपट्या पेट्या तेथे दिसतात. त्यांना बलीस म्हणतात. बलीसला स्वतःची वीज लागत नाही; वरून जाणाऱ्या गाडीच्या अँटेनातून मिळालेल्या ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते आणि आपला संदेश गाडीतल्या संगणकाला देते. पुढचा सिग्नल कोणता आहे, किती अंतरापर्यंत जाण्याची मुभा आहे, वाटेत वेगमर्यादा आणि चढउतार कसे आहेत, हे त्या संदेशात असते. संगणक त्यावरून ब्रेक लावण्याचा आलेख सतत मांडत राहतो, आणि चालकाने वेळेवर वेग कमी केला नाही तर स्वतः ब्रेक लावतो. ईटीसीएस, म्हणजे युरोपसाठी आखलेल्या समान गाडीनियंत्रण पद्धतीचा हा पहिला स्तर. दुसऱ्या स्तरात हीच मुभा रेडिओवरून येते आणि रुळांकाठच्या सिग्नलांची गरज उरत नाही. मुंबईच्या लोकलमधील एडब्ल्यूएस, म्हणजे मोटरमनला सावध करणारी यंत्रणा, ज्यांनी पाहिली आहे त्यांना फरक सहज कळेल. आपल्याकडे सिग्नलपाशी सूचना मिळते आणि मोटरमनने ती वेळेत नोंदवली नाही तर ब्रेक लागतात. येथे दोन सिग्नलांच्या मधल्या प्रत्येक मीटरवर गाडीची तपासणी चालू असते.

लक्झेंबर्गने आपले संपूर्ण जाळे 2017 पर्यंत या पद्धतीखाली आणले. मोठ्या शेजाऱ्यांना जे जमले नाही ते या छोट्या देशाने कसे केले, याचे एक उत्तर नकाशातच आहे. जेथे रोज दोन लाखांहून अधिक माणसे शेजारच्या देशांतून कामाला येतात आणि जेथे निव्वळ देशांतर्गत असा लांबचा मार्गच नाही, तेथे स्वतःची वेगळी पद्धत जपण्यात काहीच हशील नव्हते. दुसरे उत्तर कमी गोड आहे: त्यांची मेमर ही जुनी पद्धत बदलण्याजोगीच होती. याउलट जर्मनीची पीझेडबी ही सिग्नलजवळच्या चुंबकांवर चालणारी, 1930 च्या दशकातल्या इंडुसी या पद्धतीपासून उत्क्रांत होत आलेली, चांगली चालणारी पद्धत आहे आणि तिच्यामागे हजारो किलोमीटरचे मार्ग व हजारो इंजिने उभी आहेत. ज्याचे जुने चांगले चालते त्याला नवे घ्यायची घाई नसते, आणि माझ्या मते युरोपातल्या दिरंगाईचे हे कारण पैशाइतकेच मोठे आहे.

जर्मनीतल्या ट्रियरला जाणारी गाडी सीएफएल या लक्झेंबर्गच्या राष्ट्रीय रेल्वेची, किस नावाच्या बनावटीची दुमजली गाडी होती. सीर नदीच्या वळणावळणाच्या खोऱ्यातून ती वासरबिलिगला उतरते. तेथे साउअर नदी मोझेलला मिळते आणि काठाच्या उतारावर द्राक्षमळे दिसतात. सीमा येथेच आहे, पण गाडीत बसलेल्याला ती जाणवत नाही. पूर्वी अशा ठिकाणी इंजिन बदलावे लागे. आता ओव्हरहेड तारेतला 25 किलोव्होल्टचा पुरवठा संपून जर्मन 15 किलोव्होल्टचा सुरू होतो, तो बदल गाडी स्वतः सांभाळते. आणि त्याच टापूत रुळांमधली एक बलीस संगणकाला सांगते की येथून पुढे ईटीसीएस नाही, जुनी राष्ट्रीय पद्धत आहे. चालकासमोरच्या पडद्यावर पिवळी चौकट लुकलुकते. हा बदल त्याने काही सेकंदांत मान्य केला नाही तर ब्रेक लागतात. इतक्या शांत सीमेमागे गाडीत दोन्ही पद्धतींची यंत्रणा, दोन्ही देशांच्या चाचण्या व परवानग्या आणि दोन्ही बाजूंचे नियम शिकलेला, जर्मन भाषेत नीट संभाषण करू शकणारा चालक, एवढा सरंजाम असतो.

ट्रियरच्या फलाटावरून जर्मन बाजूही पाहता येते. तेथे पिवळ्या पेट्यांऐवजी सिग्नलजवळ, उजव्या रुळाच्या बाहेर, पीझेडबीचे चुंबक बसवलेले दिसतात. सीएफएलची किस पुढे कोब्लेन्झकडे जाते ती येथे जर्मन रेल्वेच्या फ्लर्ट या बनावटीच्या गाडीला जोडून. एकाच गाडीत दोन देशांचे डबे एका कपलरने जोडले जातात आणि एका चालकाच्या हाताखाली धावतात, हे मला पोर्टा निग्रा या रोमन वेशीइतकेच प्रेक्षणीय वाटले. अर्थात ही आवड सर्वांची असेल असे नाही.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे, बेटेमबुर्गमार्गे फ्रान्समधल्या थिओनव्हिलला गेलो. हा मार्ग सिग्नलवाल्याला निर्विकारपणे पाहता येत नाही. 11 ऑक्टोबर 2006 रोजी सीमेला लागूनच, फ्रान्सच्या हद्दीतील झुफ्टगेनजवळ, लक्झेंबर्गहून नान्सीला निघालेली प्रवासी गाडी आणि समोरून येणारी मालगाडी यांची टक्कर होऊन 6 जणांचा मृत्यू झाला. देखभालीसाठी एक रूळ बंद होता, दोन्ही दिशांची वाहतूक दुसऱ्यावरून चालली होती, आणि लक्झेंबर्गच्या बाजूने चालकाला थांबा दाखवणारा सिग्नल ओलांडण्याची परवानगी चुकीने दिली गेली. चूक ध्यानात आल्यावर गाड्या थांबवण्याचे प्रयत्न झाले, पण ते यशस्वी झाले नाहीत. पुढे 14 फेब्रुवारी 2017 रोजी याच मार्गावर, ड्युडलांजजवळ, प्रवासी गाडी धोक्याचा सिग्नल ओलांडून मालगाडीवर आदळली आणि तिच्या चालकाचा मृत्यू झाला.

हे दोन अपघात एकाच प्रकारचे नाहीत, आणि ईटीसीएसची बाजू मांडणारे पुष्कळदा ते एकत्र मोजतात, हे मला खटकते. 2017 सारख्या प्रसंगी गाडी आणि रूळ या दोन्हींवर ईटीसीएस चालू असेल तर ती गाडी आधीच थांबवते. 2006 सारख्या प्रसंगी मात्र माणसाने माणसाला परवानगी दिलेली असते, आणि ईटीसीएसमध्येही सिग्नल बिघडल्यावर अशा परवानगीने पुढे जाण्याची सोय ठेवावीच लागते. तेव्हा गाडी कमी वेगाच्या मर्यादेत बांधली जाते, एवढा लाभ खरा. ती मर्यादाही प्रत्येक देश स्वतः ठरवतो, आणि सीमेवरची बलीस आपल्या देशाचे हे आकडे गाडीला कळवते. म्हणजे समान पद्धतीतही राष्ट्रीय नियमांसाठी एक कप्पा राखून ठेवलेला आहे. त्यातच पद्धतीच्या आवृत्त्याही निघत गेल्या, त्यामुळे एका आवृत्तीची गाडी दुसऱ्या आवृत्तीच्या मार्गावर नीट चालेल याची खात्री वेगळी करून घ्यावी लागते. आपल्याकडे देश एक, रेल्वे एक, तरी कवच या भारतीय गाडीसुरक्षा पद्धतीचे एका कंपनीचे इंजिनातले उपकरण दुसऱ्या कंपनीच्या रुळांकाठच्या उपकरणाशी बिनचूक बोलले पाहिजे यासाठी किती कष्ट घ्यावे लागतात हे ज्यांनी पाहिले आहे, ते युरोपला सहज नावे ठेवणार नाहीत.

बेटेमबुर्गचे विस्तीर्ण मालवाहतूक आवार मागे पडल्यावर सीमा येते. येथे दोन्ही बाजूंना 25 किलोव्होल्टच आहेत. थिओनव्हिलजवळ रुळांच्या मध्ये धातूची लांब, खाचदार पट्टी दिसली. फ्रेंच रेल्वेत तिला मगर म्हणतात, आणि गाडीखालचा ब्रश तिला घासून सिग्नलची खूण उचलतो. एकोणिसाव्या शतकातली ही कल्पना फ्रान्समध्ये केव्हीबी या नंतरच्या पद्धतीबरोबर आजही कामात आहे. लक्झेंबर्गने आपल्या हद्दीतील काम पुरे केले असले, तरी नान्सीकडे जाणाऱ्या त्याच्या गाड्यांना हा ब्रश आणि केव्हीबीची अँटेना वागवावीच लागते, आणि ती कधी उतरवता येईल हे लक्झेंबर्गमध्ये नाही, पॅरिसमध्ये ठरायचे आहे.