तुम्ही विचारलंत म्हणून: गावाला काय मिळते?

"तुमची मुले आठवड्यातून दोन दिवस गावात जातात, त्यांना गुण मिळतात, पदवी मिळते, पण त्या गावाला काय मिळते?" समाजकार्य शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला पालकांनी विचारला आहे, सरपंचांनी विचारला आहे आणि इतर विभागांतल्या सहकाऱ्यांनीही विचारला आहे. बीड जिल्ह्यातल्या ज्या तांड्यावर आमचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या प्रत्यक्ष कामासाठी, जात आले आहेत, तिथल्या एका आजींनी तो सर्वांत थेट विचारला होता. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था उभी राहिली, तिच्या मुळाशी नागपाड्याच्या वस्तीत चाललेल्या कामाचा अनुभव होता. म्हणजे आपल्याकडे हे शिक्षण वस्तीतूनच वर्गात आले. त्याच संस्थेने पुढे 1986 साली तुळजापूरला ग्रामीण केंद्र सुरू केले. दुसऱ्या बाजूला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करणे अपेक्षित असते. सेवा योजनेत भर सेवेवर असतो, क्षेत्रकार्यात तो विद्यार्थ्याच्या शिकण्यावर असतो. सेवाधारित शिक्षणाचा (सर्व्हिस लर्निंगचा) आग्रह असा की ही दोन्ही कामे एकाच वेळी, एकमेकांना जाब देत व्हावीत. या विषयावर लिहिणारे अमेरिकेतले रॉबर्ट सिग्मन यांनी 1979 साली त्याची तीन तत्त्वे मांडली आणि त्यांतले पहिले तत्त्व असे आहे की, ज्यांच्यासाठी सेवा केली जाते, त्या सेवेचे नियंत्रण त्यांच्याच हाती असावे. हे तत्त्व मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आले होते. त्याचा अर्थ मात्र मला त्या तांड्यावर कळला.

त्या वर्षी आमचे दोन विद्यार्थी प्रश्नावली घेऊन घरोघरी फिरत होते. आजींनी त्यांना ओट्यावर बसवले, पाणी दिले आणि म्हणाल्या, "मागल्या साली बी पोरं आली, सगळं लिहून नेलं. त्याच्या आदल्या साली बी नेलं. त्याचं काय झालं, ते आधी सांगा, मग विचारा." विद्यार्थ्यांकडे उत्तर नव्हते, कारण ते माझ्याकडेही नव्हते. आधीच्या दोन्ही वर्षांचे अहवाल बांधून, गुण देऊन विभागाच्या कपाटात ठेवलेले होते. तांड्याची माहिती तांड्याबाहेर गेली होती आणि ती परत नेऊन द्यायची असते, हे आमच्या कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते. हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हता, आमच्या रचनेचा होता, आणि त्या रचनेची जबाबदारी माझ्यावर होती.

त्याच प्रश्नावलीत "कुटुंबातील कमावत्या व्यक्ती" असा एक रकाना होता. आजींच्या विधवा सुनेने त्याचे उत्तर दिले, "मी अर्धा कोयता." विद्यार्थ्याने रकान्यात 1 हा आकडा लिहिला आणि तो पुढच्या प्रश्नाकडे गेला. आठवड्याच्या गटचर्चेत त्याने हे सहज सांगितले आणि वर्गातल्या एका मुलीने, जिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीसाठी साखर कारखान्यावर जातात, त्याला तिथेच थांबवले. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून, म्हणजे मजूर गोळा करणाऱ्या ठेकेदाराकडून, मिळणारी उचल (आगाऊ रक्कम) कोयत्याच्या हिशेबाने असते, तोडीचे पैसे टनावर असतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. अर्ध्या कोयत्याला उचल कमी मिळते, शिवाय ऊस तोडून मोळी बांधायला आणि ती गाडीपर्यंत न्यायला जोडीदार लागतोच. मग त्या बाईचा दुसरा अर्धा कोयता कोण, असे त्या विद्यार्थिनीने विचारले. पुढच्या भेटीत उत्तर मिळाले: आठवीत शिकणारी मुलगी.

त्या एका उत्तराने आमचे सगळे नियोजन बदलले. तोवर आमची समजूत अशी होती की, मुले आईवडिलांबरोबर जातात कारण मागे त्यांच्या जेवणाची सोय नसते. त्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आईवडील स्थलांतरित झाल्यावर मुलांनी गावातच आजी-आजोबांकडे राहावे आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था व्हावी, असा तिचा हेतू आहे. योजना चांगलीच आहे आणि तिने अनेक मुले शाळेत टिकवली आहेत. पण जी मुलगी जेवणासाठी नव्हे, तर कोयता पुरा करण्यासाठी नेली जाते, तिला केवळ जेवण देऊन थांबवता येत नाही. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी वाचले नव्हते. ते त्या बाईने दोन शब्दांत सांगितले होते आणि आमच्या छापील रकान्यात त्याला जागा नव्हती.

मग आम्ही तांड्यावर बैठक घेतली आणि या वेळी प्रश्न त्यांना विचारू दिले. काय काम करायचे ते त्यांनी ठरवले. म्हाताऱ्या माणसांचे आणि विधवांचे निराधार योजनेचे, म्हणजे दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, अर्ज हे पहिले, वसतिगृहासाठी मुलांची यादी वेळेत शाळेत देणे हे दुसरे. विद्यार्थ्यांना हे काम सुरुवातीला हलके वाटले. त्यांना व्यसनमुक्तीवर पथनाट्य करायचे होते. पण उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाला 21,000 रुपयांच्या आतला आकडा का लागतो, वयाचा पुरावा नसलेल्या माणसाने काय करायचे, तलाठी कोणत्या दिवशी भेटतात, आधारवरचे नाव आणि रेशन कार्डावरचे नाव जुळत नसेल तर कोणते कागद जोडायचे, हे शिकताना त्यांना प्रशासन, कायदा आणि माणसाची प्रतिष्ठा एकाच खिडकीपाशी दिसली. तहसीलच्या पायरीवर आजींबरोबर चार तास बसून आलेल्या मुलाने त्या आठवड्याच्या नोंदीत समाजकल्याण प्रशासनाबद्दल जे लिहिले, तसे उत्तर मला परीक्षेच्या वहीत कधी मिळालेले नाही.

आता एका अडचणीबद्दल बोलले पाहिजे, कारण ती मला सर्वांत जास्त बोचते. आमचे शैक्षणिक वर्ष आणि तांड्याचे वर्ष यांचा मेळ नाही. प्रवेश होऊन विद्यार्थी क्षेत्रात पोहोचेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, ओळखपाळख होईपर्यंत सप्टेंबर जातो आणि दिवाळीच्या आसपास, जेव्हा ट्रक आणि ट्रॅक्टर भरून टोळ्या निघतात आणि प्रत्येक घरात मुलांना ठेवायचे की न्यायचे याचा निर्णय होतो, नेमक्या त्याच दिवसांत आमच्या सत्र परीक्षा असतात. दुसऱ्या सत्रात विद्यार्थी परत येतात, तेव्हा तांड्यावर कुलपे लागलेली असतात आणि ओट्यांवर म्हातारी माणसे बसलेली असतात. टोळ्या उन्हाळ्यात परततात, तेव्हा आम्ही सुट्टीवर असतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर समाजसंपर्काच्या कामाला सर्वच शाखांत श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण गावाच्या वेळापत्रकाकडे न पाहता सगळ्या शाखांची मुले गावात पाठवली, तर आजींच्या ओट्यावर फक्त प्रश्नावल्यांची संख्या वाढेल.

आमच्यापुरते आम्ही दोन बदल केले. पहिला असा की, वर्षाचा अहवाल विभागात देण्याआधी तांड्यावर वाचून दाखवायचा आणि लोक जे चूक म्हणतील ते दुरुस्त करायचे. दुसरा असा की, अर्धवट राहिलेली कामे लाल पुठ्ठ्याच्या एका लांब वहीत लिहायची, ती वही आजींच्या घरी ठेवायची आणि जुन्या विद्यार्थ्याने नव्या विद्यार्थ्याला घेऊन तिथे जायचे. माणसे दर वर्षी बदलतात, हे आम्हाला टाळता येत नाही. काम मात्र तिथेच राहते.

तर, गावाला काय मिळते? आजींच्या सुनेला निराधार योजनेचे महिना 1,500 रुपये सुरू झाले, पण ते हंगाम सुरू झाल्यावर, आणि त्या वर्षी मुलगी आईबरोबर गेलीच. उचलीसमोर ही रक्कम फार लहान आहे. पुढच्या वर्षी मुलगी आजीजवळ राहिली आणि शाळेत गेली. त्यात त्या पैशांचा वाटा किती आणि आजारी पडलेल्या आजीजवळ कोणीतरी हवे होते याचा किती, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. काही अर्ज मंजूर झाले, काही अजून अडकलेले आहेत. मागच्या भेटीत मी ती वही उघडली, तेव्हा शेवटची नोंद त्या मुलीच्या अक्षरात होती: "आईचे रेशन कार्ड वेगळे करणे, पुरवठा शाखा, दोन हेलपाटे झाले." तिच्यापुढे अजून बरोबरची खूण नव्हती.