चुकून बरोबर पडलेला प्रश्न

बारावीच्या फिजिक्सची दुसरी घटक चाचणी काढायचं काम गेल्या डिसेंबरात मी स्वतःच ओढवून घेतलं. आमचं ज्युनिअर कॉलेज सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. सायन्सची एकच तुकडी, ५४ मुलं. घटक चाचणीचा पेपर आमच्याकडे खरं तर कोणी काढत नाही. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, साल बदलायचं, दोन-तीन आकडे इकडचे तिकडे करायचे आणि झेरॉक्सला पाठवायचं. मुलांनाही हे पक्कं ठाऊक. वरच्या वर्गातल्या एखाद्या दादाकडून जुना पेपर मिळवला की अभ्यास झाला. स्टाफरूममध्ये मी यावर एकदा जरा जास्तच बोलले. आमचे विभागप्रमुख चहाचा कप खाली ठेवत शांतपणे म्हणाले, "मग या वेळी तुम्हीच काढा की, मॅडम."

धडे ठरलेले होते: वेव्ह ऑप्टिक्स, करंट इलेक्ट्रिसिटी, ड्युअल नेचर (प्रकाश लहरही आणि कणही, तो धडा) आणि अणूची रचना. २५ गुण, एक तास.

बी.एड.ला असताना संविधान तक्ते, म्हणजे प्रश्नपत्रिकेचे आराखडे, करून करून हात दुखले होते. ज्ञानाला किती गुण, आकलनाला किती, उपयोजनाला किती, सगळं चौकटीत भरायचं. नोकरी लागल्यावर तो कागद मी परत पाहिला नव्हता. या वेळी खरंच बसून केला आणि पहिल्याच फटक्यात लक्षात आलं की मागच्या तीन वर्षांच्या आमच्या चाचण्यांत उपयोजनाच्या रकान्यात जवळजवळ काहीच पडत नाही. व्याख्या, डेरिव्हेशन, सूत्रात आकडे घालून उत्तर. संपला पेपर.

दुसरी गोष्ट पर्यायांची. बोर्डाच्या पेपरात दोन गुणांचे १२ प्रश्न, त्यातले कोणतेही ८. तीन गुणांचे १२, त्यातलेही ८. चार गुणांचे ५, त्यातले ३. एका गुणाचे सक्तीचे १८ प्रश्न धरून बेरीज केली तर ७० गुणांसाठी मुलाच्या पुढ्यात ९८ गुणांचे प्रश्न येतात. त्यामुळे आख्खा धडाच 'ऑप्शनला टाकणं' हा आमच्याकडे अभ्यासाचा मान्यताप्राप्त प्रकार आहे. आणि ऑप्शनला पहिला बळी जातो तो ड्युअल नेचरचा. म्हणून मी पर्यायच काढून टाकले. एका गुणाचे पाच, दोन गुणांचे चार, तीन गुणांचे चार, सगळे सोडवायचे. मुलांनी मला काय काय म्हटलं असेल याची कल्पना आहे.

प्रश्न लिहायला बसले तेव्हा कळलं की बहुपर्यायी प्रश्नात बरोबर उत्तर लिहिणं हे सगळ्यात सोपं काम. अवघड असतात ते तीन चुकीचे पर्याय. हाफ-लाइफ म्हणजे पदार्थ निम्मा उरायला लागणारा काळ; तर ८ ग्रॅम किरणोत्सारी पदार्थ तीन हाफ-लाइफनंतर किती उरेल? उत्तर १ ग्रॅम. आता चुकीचे पर्याय म्हणून २५ ग्रॅम आणि ७३ ग्रॅम दिले तर कोण फसणार? मूल कसं चुकेल हे आधी डोक्यात आणावं लागतं. एक जण म्हणेल, दोन हाफ-लाइफ म्हणजे पूर्ण लाइफ, मग तिसऱ्यात उरलंच काय? शून्य. दुसरा ८ ला सरळ ३ ने भागेल. तिसरा दर वेळी अर्धं करण्याऐवजी ८ ला दोन त्रिक सहाने भागेल. एवढ्या एका प्रश्नाला माझा पाऊण तास गेला.

आकडे निवडणं हा वेगळाच उपद्व्याप. बोर्डात कॅलक्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून आम्हीही चाचणीला तेच ठेवतो. आमच्या मुलांचे निम्मे गुण लॉगच्या खाईत जातात; अँटीलॉग बघताना ऋण पूर्णांक आला की संपलंच. मला तपासायचं होतं फिजिक्स, म्हणून तोंडी सुटतील असे आकडे घेतले. डबल स्लिटला (दोन फटींतून प्रकाश जाऊन पडद्यावर पट्टे पडतात, तो प्रयोग) तरंगलांबी ६०० नॅनोमीटर, स्लिटमधलं अंतर १ मिलिमीटर, पडदा १ मीटरवर. पट्ट्याची रुंदी ०.६ मिलिमीटर. सगळी मांडणी पाण्यात बुडवली तर, पाण्याचा अपवर्तनांक ४/३ धरून, ०.४५. बघा किती सुबक. त्याच्या पुढचा प्रश्न फोटोइलेक्ट्रिकचा, म्हणजे प्रकाश पडून धातूतून इलेक्ट्रॉन निघण्याचा: धातूचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, प्रकाशाची तरंगलांबी ४०० नॅनोमीटर, तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त गतिज ऊर्जा किती आणि स्टॉपिंग पोटेन्शिअल (त्यांना थांबवायला लागणारं व्होल्टेज) किती? ४०० नॅनोमीटरच्या फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा ३.१, त्यातून २.३ गेले, राहिले ०.८. हेही सुबक. आदर्श उत्तरं वहीत लिहून ठेवली आणि रात्री टाइप करायला बसले.

विभागप्रमुखांनी दुसऱ्या दिवशी पेपर नजरेखालून घातला. गुणांची बेरीज केली, प्रश्नांचे क्रमांक तपासले, एक स्वल्पविराम दुरुस्त केला. "छान आहे. पण मुलांना जड जाईल," म्हणाले. पेपर छापला गेला.

चाचणीच्या दिवशी माझं सुपरव्हिजन अकरावीच्या वर्गावर होतं. नंतर कळलं की बारावीच्या वर्गात एका मुलानं हात वर करून "उत्तर मायनस येतंय" असं सांगितलं होतं. तिथं सुपरव्हिजनला मराठीचे सर. ते म्हणाले, "जे येतंय ते लिही." त्यांची काही चूक नाही.

पेपर तपासायला घेतले ते वहीतल्या आदर्श उत्तरांवरूनच. पहिल्या पेपरात फोटोइलेक्ट्रिकचं उत्तर ०.२३. मी काट मारली. दुसऱ्यात ०.२३. काट. तिसऱ्यात उणे ०.२३. चौथ्यात पुन्हा ०.२३. सगळ्यांनी एकमेकांचं बघितलं की काय, असा राग डोक्यात चढायला लागला होता. तेव्हा कुठे प्रश्नपत्रिका उघडून बघितली. टाइप करताना डबल स्लिटचं वाक्य कॉपी करून खाली घेतलं होतं आणि त्यातले ६०० तसेच राहिले होते. ६०० नॅनोमीटरच्या फोटॉनकडे असतात जेमतेम २.०७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वर्क फंक्शन २.३. म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर येणारच नाही आणि माझा प्रश्न विचारतोय, तो किती ऊर्जेनं बाहेर येईल.

मारलेल्या काटा खोडल्या. आधी घाम फुटला, मग मी सगळे ५४ पेपर त्या एकाच पानावर उघडून टेबलावर पसरले.

निम्म्याहून जास्त मुलांनी ०.२३ लिहिलं होतं. त्यातल्या काहींनी वजाबाकी उलटी केली होती, २.३ वजा २.०७. सूत्र वर बरोबर लिहिलेलं आणि खाली आकडे घालताना जागा बदललेल्या. काहींनी सरळ वजाबाकी केली, उत्तर उणे आलं आणि पुढच्या ओळीत उणे चिन्ह गुपचूप गायब. एकानं तर कारणही दिलं होतं: गतिज ऊर्जा ऋण नसते, म्हणून फक्त मूल्य घेतलं. अर्धं वाक्य किती बरोबर! नऊ-दहा जणांनी उणे ०.२३ लिहून त्याभोवती चौकट केली होती आणि स्टॉपिंग पोटेन्शिअल उणे ०.२३ व्होल्ट. या चौकटवाल्यांपैकी एकानं पुढे जाऊन लिहिलं होतं की इलेक्ट्रॉन उलट दिशेनं जाईल. काहींनी जागा कोरी सोडली होती.

चौघांनी लिहिलं होतं, इलेक्ट्रॉन बाहेर पडणार नाही.

या चौघांत क्लासला पहिला येणारा मुलगा होता, ते अपेक्षितच. पण एक मुलगी होती जिला मी तोवर नीट ओळखतही नव्हते. दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. तिला डेरिव्हेशन पाठ होत नाही, व्याख्या अर्ध्यावर तुटतात. पहिल्या घटक चाचणीत नापास. तिचं इंग्रजी वाक्य व्याकरणात कुठेच बसत नव्हतं, पण अर्थ स्वच्छ होता: प्रकाशाची ताकद २.०७, काढायला लागते २.३, कमी पडते, म्हणून नाही. त्याखाली स्टॉपिंग पोटेन्शिअल असं लिहून पुढे मराठीत, "थांबवायचं कोणाला?"

मी तो पेपर घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. चूक कबूल केली. त्यांनी चष्मा वर केला, पान वाचलं, हसले आणि मग व्यवहारावर आले. "सगळ्यांना तीन गुण देऊन टाका. विषय मिटेल." मला ते पटेना. हा प्रश्न मी ठरवून घातला असता तर अख्ख्या पेपरात सगळ्यात चांगला ठरला असता. तो ठरवून घातला नव्हता एवढाच फरक. पण चुकीच्या प्रश्नाची शिक्षा मुलांना कशी द्यायची? शेवटी पेपर २२ गुणांचा धरला आणि त्या चौघांना वरचे तीन दिले. यावर एका मुलानं भांडणही केलं. "मॅडम, प्रश्नात 'किती' विचारलं होतं. 'येईल का' कुठे विचारलं होतं?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याला कधी कोणी 'येईल का' विचारलंच नव्हतं.

पेपर वाटले त्या दिवशी दोन तास जोडून घेतले. आधी बल्बचा प्रश्न काढला, कारण तो करून दाखवता येत होता. ४० वॅट आणि १०० वॅटचे २३० व्होल्टचे दोन बल्ब एकसर जोडणीत लावले तर जास्त प्रकाश कोणाचा? बहुतेकांचं उत्तर १०० वॅट. गंमत म्हणजे काहींनी दोन्हींचा रेझिस्टन्स बरोबर काढला होता, ४० वॅटचा १३२२.५ ओम आणि १०० वॅटचा ५२९ ओम, आणि तरी शेवटी १००च लिहिलं होतं. दुकानात १०० वॅटचा बल्ब जास्त उजेड देतो, हे लहानपणापासून डोक्यात बसलंय, त्यापुढे दोन ओळींच्या गणिताचं काय चालणार?

आता असे बल्ब आणायचे कुठून? गावात सगळीकडे एलईडी. पण एका मुलाच्या घरी पोल्ट्री आहे, पिलांना ऊब द्यायला तिथे अजून पिवळे बल्ब लागतात. तो दप्तरातून जुन्या टॉवेलात गुंडाळून दोन बल्ब घेऊन आला. लॅबच्या मामांनी लाकडी फळीवर होल्डर ठोकले, वायर जोडली आणि बटण दाबायच्या आधी मुलांना दोन पावलं मागे सरकवलं. ४० वॅटचा पिवळा पेटला. १०० वॅटच्या तारेत नुसती लाल रेघ दिसली, तीही खिडकी बंद केल्यावर. गणितानं ४० वाल्याला सुमारे २० वॅट मिळतात आणि १०० वाल्याला ८ च्या आसपास. प्रत्यक्षात १०० वाल्याला त्याहूनही कमी मिळतात, कारण तार थंड राहिली की तिचा रेझिस्टन्स आणखी खाली असतो. वर्गात एकदम "आयला!" झालं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

फोटोइलेक्ट्रिकचं मात्र आमच्या लॅबमध्ये दाखवण्यासारखं काही नाही. म्हणून विचारलं, "तो ६०० नॅनोमीटरचा दिवा शंभरपट प्रखर केला तर इलेक्ट्रॉन येईल का?" जवळजवळ अख्खा वर्ग म्हणाला, येईल. त्या चौघांपैकीही दोघे डळमळले. हे ऐकून मला बरंच वाटलं, कारण १९०५ मध्ये आइन्स्टाइननं फोटॉनची कल्पना मांडली तोवर मोठमोठ्या लोकांचीही अपेक्षा हीच होती: प्रकाश वाढवा, ऊर्जा साठत जाईल, इलेक्ट्रॉन निघेल.

मग आमच्या जत्रेतला आकाशपाळणा काढला. तिकीट २३ रुपये. रांगेत प्रत्येकाच्या खिशात २० रुपये आणि काही चिल्लर. पाळणेवाल्याची अट अशी की एकानं एकट्यानंच पैसे भरायचे, दोघांनी मिळून वर्गणी काढायची नाही. आता रांगेत दहा माणसं उभी करा की हजार, पाळण्यात बसणार किती? मागच्या बाकावरून आवाज आला, "पण मॅडम, ३१ रुपयेवाला एकटा आला तरी बसेल. ८ रुपये उरतील, त्याची भजी." म्हणजे ४०० नॅनोमीटर. मी फळ्यावर ०.८ लिहिलं आणि पुढे 'भजी'.

मात्र ही उपमा दुसऱ्याच प्रश्नात आडवी आली. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन पहिल्या पातळीत आहे, त्यावर ११ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन पडला तर काय होईल? दुसऱ्या पातळीला लागतात १०.२, तिसऱ्याला १२.०९. पेपरात बहुतेकांनी लिहिलं होतं की इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवर जाईल आणि ०.८ उरतील, आणि आता भज्यांमुळे ते सगळे खूश. तिथे नेमके १०.२च हवेत, सुट्टे परत मिळत नाहीत, हे समजावताना उरलेला तास गेला आणि अर्ध्या वर्गाला ते पटलं नाही. एकानं विचारलं, "मग फोटॉनऐवजी ११ वाला इलेक्ट्रॉन आदळला तर?" तर चालतं, तो सुट्टे स्वतःकडे ठेवून पुढे जाऊ शकतो. हा प्रश्न माझ्या पेपरात असायला हवा होता. वहीत लिहून ठेवला.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. फोटोइलेक्ट्रिकचा प्रश्न मी पुन्हा घातला. वर्क फंक्शन तेच, २.३. तरंगलांबी या वेळी खरोखर ४००, तीनदा तपासून. आणि प्रश्नही बदलला: इलेक्ट्रॉन बाहेर पडतील का, पडत असतील तर जास्तीत जास्त किती ऊर्जेनं?

त्या मुलीनं ०.८ काढलं होतं. लॉगमध्ये थोडी गडबडली होती, पण काढलं होतं.

आणि सात पेपरांत, त्यातला एक माझ्याशी भांडलेल्या मुलाचा, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: इलेक्ट्रॉन बाहेर पडणार नाही. वर चौकट. आकडेमोड कुठेच नव्हती.