आमची वाटचाल: पवनेच्या काठावरची घरं

आमच्या फर्मला सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं पावसाने मिळवून दिली. जाहिरातीवर आम्ही कधी फारसा खर्च केला नाही. जुलैत पहिली मोठी झड आली की फोन सुरू होतात: हॉलची भिंत पाझरतेय, खिडकीखाली पाणी साचलंय, बंद खोलीतल्या गाद्यांवर बुरशी आलीय. यातली बरीचशी घरं जुनी नसतात. वास्तुशांतीचं तोरण अजून दारावर असतं.

माझे वडील गवंडी. लोणावळा-खंडाळ्यातल्या जुन्या बंगल्यांची डागडुजी करण्यात त्यांचा जन्म गेला. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असायचो. त्या बंगल्यांचं सगळंच पावसाच्या हिशेबाने असायचं: काळ्या दगडाचं उंच जोतं, मंगलोरी कौलांचं तीव्र उताराचं छप्पर, चारी बाजूंनी व्हरांडा आणि भिंतीपासून चांगली लांब पडणारी पागोळी. पुढे मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि पुण्यात एका ठेकेदाराकडे नोकरी धरली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला, मुंबईची माणसं दोन-अडीच तासांत मावळात पोचू लागली, आणि लोणावळ्याचे भाव परवडेनात म्हणून त्यांची नजर पवना धरणाकडे वळली. मी कामशेतला एक गाळा भाड्याने घेतला. सोबतीला वडिलांच्या ओळखीचे दोन गवंडी, एक सुतार आणि एक जुनी मोटरसायकल.

पहिली काही वर्षं नवं घर बांधायला आम्हाला कुणी बोलावलंच नाही. आम्ही गळती काढणारे. पण त्या कामाने जे शिकवलं ते डिप्लोमात नव्हतं. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात पडतो त्याच्या कितीतरी पट. पुण्यातला आर्किटेक्ट पुण्यातलंच घर इथे आणून ठेवतो: सपाट स्लॅब, वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर आणि त्यावर सिमेंट), पश्चिमेला छतापासून जमिनीपर्यंत काच. एप्रिल-मेच्या उन्हात कोब्याला केसासारख्या चिरा जातात. पावसात पाणी त्या चिरांतून आत शिरतं आणि विटांच्या तुकड्यांमध्ये मुरून बसतं. म्हणून पाऊस उघडल्यावरही छत चार-चार दिवस ठिबकत राहतं आणि मालक म्हणतो, बाहेर तर ऊन आहे, मग पाणी येतंय कुठून? सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचंही तसंच. पाऊस इथे वरून कमी आणि आडवा जास्त येतो. खालच्या पट्टीत पाणी भरतं आणि वारा ते घरात ढकलतो.

वर्षानुवर्षं केमिकलचे थर चढवून कंटाळलेल्या मालकांना आम्ही सांगायला लागलो की स्लॅबचा नाद सोडा, तिच्यावर लोखंडी कैच्या उभ्या करून कौलारू छप्पर घाला, कडा तीन-साडेतीन फूट बाहेर काढा. पश्चिमेच्या सरकत्या खिडक्या काढून कब्जाच्या लावा, वर छज्जा द्या. दिसायला घर बदलतं, आर्किटेक्टला वाईट वाटतं, पण गळती थांबते. अशा घरांच्या मालकांनीच पुढे आपल्या भावाला, ऑफिसातल्या मित्राला आमचा नंबर दिला आणि आम्ही बांधकामात आलो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ मावळावरून गेलं. गुलाबांच्या पॉलिहाउसचा कागद फाटून शेतात लोळत होता, घरांचे पत्रे झाडांवर जाऊन अडकले होते. लॉकडाऊनमुळे मालक मुंबईत अडकलेले. आम्ही व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत एकेका घराची खबर देत होतो. छप्पर मधून क्वचितच उडतं. ते कडेने आणि आढ्याकडून सुटतं, कारण वारा तिथेच खालून शिरतो. तेव्हापासून कडेच्या ओळींतली कौलं आम्ही तारेने बांधतो, आणि पत्रा असेल तर कडेला स्क्रू दाट मारतो. खर्च किरकोळ आहे, तरी कोटेशनमधून आधी हीच ओळ कापायला सांगणारे भेटतात.

जागेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण घरापेक्षा जास्त पैसा तिथे बुडतो.

पवना हे धरण आहे. साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यावर पिंपरी-चिंचवडची तहान भागते. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं. त्यामुळे काठ वर्षभर एका जागी नसतो. ऑक्टोबरमध्ये तुंग आणि तिकोना हे किल्ले पाण्यात उलटे दिसतात, पाणी कुंपणाला लागलेलं असतं, आणि दलाल ‘वॉटर टच’ म्हणून भाव सांगतो. तीच जागा मे महिन्यात पाहिली तर पाणी दूर खाली गेलेलं, मध्ये भेगाळलेला गाळ आणि त्यावर चरणारी गुरं. एका गिऱ्हाइकाने काठावर बसलेल्या म्हाताऱ्या तात्यांना विचारलं होतं, इथून पाणी किती लांब? तात्या म्हणाले, “सायेब, पानी सरकारचं. आत्ता हितं हाय, शिमग्याला तिकडं जातंय.”

म्हणून आम्ही जागा दोनदा पाहतो, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात. मे महिन्यात पाणी कुठवर जातं ते कळतं. पावसात कळतं ते जास्त कामाचं. काठाजवळच्या पुष्कळ जागा मुळात भाताची खाचरं आहेत आणि त्यांत जुलैत खालून उमाळे फुटतात. अशा जागी पाया मुरमापर्यंत नेणं, वरच्या बाजूने चर खणून पाणी वळवणं, जोतं उंच घेणं हे सगळं अंदाजपत्रकात आधीच धरावं लागतं.

कागद हा वेगळाच डोंगर. सातबारा सगळेच दाखवतात. आम्ही ‘इतर हक्क’ आणि भोगवटादाराचा वर्ग आधी बघतो. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेली जमीन बहुधा वर्ग २ ची असते, परवानगीशिवाय ती विकता येत नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. ज्याच्या नावावर कुठेच शेती नाही त्याने बिनशेती जागाच बघावी. दलाल म्हणतो, दाखल्याचं बघून घेऊ. ते ‘बघून घेऊ’ पुढे कोर्टात बघावं लागतं. मग भूमी अभिलेखची मोजणी, कारण कुंपण आणि हद्द यांचा इथे फारसा संबंध नसतो. पाण्यालगतची पट्टी बहुतेक ठिकाणी धरणासाठी संपादित झालेली, म्हणजे जलसंपदा विभागाची. तिथे लाकडी डेक, पायऱ्या, दगडी भिंत हवी असं दर दुसरं गिऱ्हाईक म्हणतं. आम्ही तिथे वीटसुद्धा ठेवत नाही. यामुळे कामं गेली आहेत. ती दुसऱ्या कुणी केली, आणि त्यातली काही नंतर तोडलेलीही मी पाहिली आहेत.

डोंगर फोडून सपाट केलेल्या प्लॉटवरही आम्ही काम घेत नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं, २०२३ च्या जुलैत इरशाळवाडी. १ : ५ पेक्षा जास्त, म्हणजे पाच फुटांत एक फुटाहून जास्त चढ असलेल्या जागेवर बांधकामाला नियमानेच मनाई आहे. पण नियम नसता तरी जेसीबीने पायथा कापलेल्या उतारासमोर माझी माणसं रात्री झोपवण्याची माझी तयारी नाही.

सांडपाण्याचा विषय गिऱ्हाइकाला कंटाळवाणा वाटतो. मला तो छपराइतकाच मोठा वाटतो. नेहमीचा शोषखड्डा जुलै ते सप्टेंबर चालतच नाही. खाली काळा कातळ, वर पाण्याने तट्ट भरलेली माती, पाणी मुरणार कुठे? ते उताराने थेट धरणात जातं, म्हणजे चिंचवडच्या नळात. आम्ही सेप्टिक टँक गळतीविरहित बांधतो, त्यापुढे उंचवट्यावर खडीचा वाफा आणि त्यात कर्दळ लावतो. वाफ्याला बांध घालतो, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी आत शिरत नाही. हे सगळं काठापासून जितकं लांब नेता येईल तितकं नेतो. कर्दळ फुलली की मालक तिच्यापुढे उभं राहून फोटो काढतात. वाफ्यात काय आहे ते पाहुण्यांना सांगत नाहीत.

आमचं वर्ष दिवाळीला सुरू होतं आणि मृगाला संपतं. तेवढ्यात पाया, भिंती, छप्पर झालं पाहिजे. पावसाळ्यात सुतार कामशेतच्या शेडमध्ये दारं-खिडक्या करतात. आतल्या कामात आम्ही प्लायवूड शक्य तितकं टाळतो. वर्षातले दहा महिने बंद राहणाऱ्या घरात प्लाय फुगतं, म्हणून कडप्प्याच्या फळ्या, शहाबादी फरशी आणि भिंतीत वरच्या बाजूला कायम उघड्या राहणाऱ्या जाळ्या. एसीची सवय असलेल्या माणसाला त्या जाळ्या आवडत नाहीत. गाद्या कोरड्या राहिल्या की आवडायला लागतात.

फर्म खऱ्या अर्थाने उभी राहिली ती मात्र शाकारणीवर. लॉकडाऊननंतर काठावर घरांची एवढी गर्दी झाली की बांधणारे पुष्कळ झाले, सांभाळणारं कुणी उरलं नाही. आम्ही वर्षाचं कंत्राट घेतो: मे महिन्यात कौलं चाळायची, फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या, पावसात आठवड्यातून एकदा घर उघडून हवा खेळवायची. हे काम ठाकूरसई, ब्राह्मणोलीकडच्या बायका-पोरं करतात. त्यातल्या काहींच्या आज्यांची शेतं याच पाण्याखाली आहेत, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न इतक्या वर्षांनीही पुरता मिटलेला नाही. हे मालकांना आम्ही सांगतो. काहींना ते ऐकायचं नसतं.

गेल्या दोन हंगामांत एक नवं गिऱ्हाईक येऊ लागलं आहे, गावातलंच. पडवी आणि माजघराचं जुनं घर, त्यात पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि एक नीट संडास-बाथरूम काढून हवं असतं. माझा मुलगा आता फर्ममध्ये आहे. त्याचं म्हणणं, ही छोटी कामं परवडत नाहीत. हिशेब त्याचा बरोबर आहे, पण या घरांच्या छपराला मला फारसा हात लावावा लागत नाही. यंदा दिवाळीनंतर अशी तीन घरं घेतली आहेत. पैसे हप्त्याने, पाहुण्यांचा हंगाम संपल्यावर.