आमची वाटचाल : ‘कितीही जुन्या सर्व्हरवर चालते’

२०११ साली जळगावच्या बळीराम पेठेत, मेडिकलच्या वरच्या खोलीत आम्ही दोघा भावांनी वेबसाइटी करून द्यायला सुरुवात केली. भांडवल म्हणजे दोन कॉम्प्युटर आणि एक इन्व्हर्टर. त्या वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर. ते पीएचपी या भाषेत लिहिलेलं, आणि सर्व्हरवर किमान पीएचपी ५.२.४ ही आवृत्ती हवी अशी त्याची अट त्याच वर्षी झाली होती. आम्ही रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांसाठी भावफलकाचं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहिलं. नवती, पिलबाग, वापसी, केळीच्या या तिन्ही प्रकारांचे भाव मोबाइलवरून टाकले की साइटवर दिसायचे. ‘कितीही जुन्या सर्व्हरवर चालते’ असं आम्ही कार्डावर छापून घेतलं होतं.

खरं तर पीएचपी ५.२ चा सपोर्ट त्या जानेवारीतच संपला होता. पण गिऱ्हाइकाचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेला सर्व्हर, स्वस्तातलं आणि त्यावर पीएचपी जुनं; ते कशाला बदलायला लावा! त्यापायी बिननावाचं फंक्शन (नाव न देता लिहिलेला, एक काम करणारा कोडचा तुकडा), जे ५.३ पासून सरळ लिहिता येत होतं, ते आम्ही ‘क्रिएट फंक्शन’ने लिहीत राहिलो. म्हणजे आख्खा कोड अवतरणचिन्हांत मजकुरासारखा कोंबायचा. आत चूक झाली तर एडिटर लाल रेघसुद्धा मारत नाही. एका सुटलेल्या अर्धविरामापायी रात्री दोनपर्यंत जागल्याचं आठवतं.

मे २०१९ मध्ये वर्डप्रेस ५.२ आलं आणि पीएचपीची अट ५.६.२० झाली. (वर्डप्रेसचं ५.२ वेगळं आणि पीएचपीचं ५.२ वेगळं, हे फोनवर समजावताना घसा बसला.) आम्ही मात्र जागचे हललो नाही.

डिसेंबर २०२२. सकाळी सव्वासातला रावेरहून एका शेठचा फोन. “भाऊ, साइटवर लिहून येऊन राहिलं, गंभीर चूक. कोनाची, माही का तुमची?”

होस्टिंगवाल्याने रातोरात पीएचपी ८ केलं होतं. महिनाभर आधी मेल आला होता, पण तो शेठच्या पुण्याला शिकणाऱ्या भाच्याकडे. ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबरातच संपलेला, त्यामुळे होस्टिंगवाल्यावर तरी काय चिडणार? ‘क्रिएट फंक्शन’ वापरू नका असं ७.२ पासून सांगत होते, ८ मध्ये ते काढूनच टाकलं. दुपारपर्यंत आम्ही सगळं बदललं.

आठ दिवसांनी साइट पुन्हा बंद. त्या दिवशी वापसीचा माल आला नव्हता, शेठने भाव टाकला नाही, आणि यादीतल्या नोंदी मोजणाऱ्या ‘काउंट’ फंक्शनला मोजायला यादीच मिळाली नाही. जुनं पीएचपी अशा वेळी गुपचूप शून्य द्यायचं, ७.२ पासून कुरकुरायचं, ८ जागीच थांबतं. ती कुरकुर गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून आम्हीच सेटिंगमधून बंद करून ठेवली होती.

जानेवारीत आमच्या प्लगिनसाठी किमान पीएचपी ७.४ ठरवलं. भाऊ म्हणाला, थेट ८ कर. त्याचं चूक नव्हतं, पण तेवढ्याने निम्मी गिऱ्हाइकं बाहेर राहिली असती. प्लगिनच्या माथ्यावर एक ओळ लिहायची; अट पुरी नसेल तर वर्डप्रेस ते चालूच करू देत नाही. आधीपासून बसवलेलं प्लगिन मात्र तसंच चालतं, फक्त त्याला नवं अपडेट मिळत नाही. ओळ लिहून झाली, मग तीन आठवडे फोन. फैजपूरचे एक काका म्हणाले, “चालू मोटार कशाला खोलता?” दोन गिऱ्हाइकं गेली. त्यातलं एक दिवाळीआधी परत आलं.

पुढे वर्डप्रेसनेही ऑगस्ट २०२३ मध्ये अट ७.० वर नेली, जुलै २०२४ मध्ये ७.२.२४ वर. आम्ही तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या पुढे होतो. नव्या कार्डावरून ‘कितीही जुन्या सर्व्हरवर’ ही ओळ काढली. उरलेल्या जुन्या कार्डांच्या पाठीवर बायको वाण्याची यादी लिहिते.

चोपड्याला एकाकडे अजून पीएचपी ५.६ आहे. भावफलक दिसतो, त्यामुळे त्यांना घाई नाही. जाणं झालं की मी विचारतो, आणि ते म्हणतात, “एवढी कटाई होऊ द्या.”